बियाणं बदललं, कंबर वाकलेलीच!

विरारहून पूर्वेला निघून महामार्ग ओलांडला, की इमारती मागे पडतात आणि भाताची खाचरं दिसू लागतात. बचत गटाच्या कामासाठी मी तिकडच्या पाड्यांवर जाते. जुलैत मात्र बैठकीला कुणीच नसतं. सगळ्याजणी लावणीला! पाय चिखलात आणि पाठ दिवसभर वाकलेली.

हरितक्रांतीनं शेती बदलली, हे आपण शाळेत शिकलो. ते खरंच आहे. १९६६ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं 'आयआर-८' हे बुटकं वाण आणलं. उंच देशी भाताला खत जास्त झालं, की तो आडवा व्हायचा. बुटका भात ताठ उभा राहायचा आणि दाणेही भरपूर द्यायचा. १९६८ साली आपल्याकडे 'जया' आला. आशियातल्या कितीतरी गरीब देशांची भूक अशा वाणांनी भागवली.

पण बाईचं काय? चिखलणीला पॉवर टिलर आला, तो पुरुषाच्या हाती. राबातलं रोप उपटून पुन्हा लावणं मात्र इथे बहुतेक बायकांकडेच राहिलं.

म्हणूनच 'सगुणा भात तंत्रा'बद्दल ऐकून मला आनंद झाला. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी ते पुढे आणलं. यात गादीवाफे एकदाच करायचे, साच्यानं भोकं पाडून त्यात बी टोकायचं. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची, म्हणजे माती भुसभुशीत राहते.

मी उत्साहानं हे पाड्यावर सांगितलं. एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "ताई, कंबर वाचंल, पन लावणीची मजुरी गेली तर खायाचं काय?"

मी गप्पच झाले. ज्यांची स्वतःची खाचरं आहेत, त्यांचा खर्च वाचेल. दुसऱ्याच्या शेतात राबणारीची मात्र पावसाळ्यातली हक्काची कमाईच जाईल. शिवाय या पद्धतीत तणनाशक वापरतात. ते उघड्या हातांनी कोण हाताळणार?

म्हणून नव्या तंत्राला नाही म्हणायचं का? मुळीच नाही! पण प्रशिक्षणाला घरधन्यासोबत बाईलाही बोलवा. टोकणीचं काम, साचा आणि हातमोजे बचत गटांकडे द्या. वाकलेली पाठ सरळ व्हावी, पण चूल विझू नये, एवढंच त्या मावशींचं मागणं आहे. ते जास्त आहे का हो?