उन्हाशी वैर

धाकटी आठ महिन्यांची असताना अंगणातल्या कोवळ्या उन्हानंही तिचे गाल भाजल्यासारखे लाल व्हायचे. दुसऱ्या वर्षी नाकावर मोहरीएवढे काळे ठिपके दाटले. ‘जातील हो,’ म्हणत मलमंच मिळत राहिली. अखेर रक्ताच्या जनुक तपासणीनं नाव कळलं: झिरोडर्मा पिगमेंटोसम. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए पेशी एरवी दुरुस्त करते. हिच्यात ती दुरुस्तीच लंगडी, म्हणून कोवळ्या वयातच त्वचेच्या कर्करोगाचा धोका. आजाराचं हे मूळ संशोधक जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखवून दिलं. आमचं आते-मामे भावंडांचं लग्न. सदोष जनुकाची एकेक प्रत दोघांकडूनही आली. दर गरोदरपणात धोका चारांत एक. थोरला सुटला.

आता आम्ही तिन्हीसांजेनंतरच बागेत जातो. बाळाला असे ठिपके दिसले, तर मलमावर थांबू नका. जनुक तपासणीचं विचाराच.