बुलढाण्यात हवाई दलाचा तळ नाही, मग आपल्या आजूबाजूला काय आहे?

बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे, सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आहे, शेगाव आहे. हवाई दलाचा मोठा तळ मात्र नाही. तरीही नकाशा समोर घेतला तर एक गोष्ट लक्षात येते. जिल्ह्याच्या पूर्वेला नागपूर, पश्चिमेला नाशिकजवळचं ओझर आणि नैऋत्येला पुण्याचं लोहगाव. लढाऊ विमानं उडवणं, बांधणं आणि दुरुस्त करणं, ही तिन्ही कामं या तीन ठिकाणी मिळून चालतात.

तळ वेगळा, स्क्वाड्रन वेगळी

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. तळ म्हणजे जागा: धावपट्टी, हँगर, इंधन, दारूगोळा. स्क्वाड्रन म्हणजे विमानं आणि माणसं यांची तुकडी. लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात. तळ जागचा हलत नाही, स्क्वाड्रन मात्र बदलीच्या नोकरीसारखी या तळावरून त्या तळावर जाते.

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. पहिली स्क्वाड्रन १ एप्रिल १९३३ ला कराचीत उभी राहिली, तीही वापिती जातीच्या मोजक्या विमानांवर. कराची आज पाकिस्तानात आहे, पण क्रमांक १ ची स्क्वाड्रन भारताचीच राहिली.

जुनी विमानं निवृत्त झाली की स्क्वाड्रनचा क्रमांक राखून ठेवतात आणि नवी विमानं आली की तो पुन्हा देतात. १७ क्रमांकाची 'गोल्डन ॲरोज' मिग-२१ उडवायची. ती २०१६ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये अंबाल्यात राफेलसाठी पुन्हा उभी केली गेली.

लोहगाव, ओझर, नागपूर

लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर बांधला. मुंबईच्या हवाई संरक्षणाची गरज त्यामागे होती. १९९७ मध्ये सुखोई-३० विमानं भारतात पहिल्यांदा दाखल झाली ती इथंच. पुण्याला विमानानं जाणारा प्रवासी आजही हवाई दलाच्याच धावपट्टीवर उतरतो.

ओझरला दोन वेगळ्या संस्था आहेत. १९६४ पासूनचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना मिग-२१ बांधण्यासाठी सुरू झाला. त्याच्या शेजारी हवाई दलाचा ११ क्रमांकाचा बेस रिपेअर डेपो आहे. तिथं लढाऊ विमान सुटं करून, तपासून, पुन्हा जोडतात. या डेपोनं ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई-३० विमान २०१८ मध्ये हवाई दलाच्या स्वाधीन झालं.

नागपूरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. हवाई दलाच्या एकूण सात कमांड. पाच लढाईच्या, एक प्रशिक्षणाची आणि ही एक देखभालीची. १९५५ मध्ये ती कानपूरला सुरू झाली, नंतर नागपूरला आली. कानपूर, चंदीगड, ओझर, सुलूर अशा दूरदूरच्या डेपोंची सूत्रं इथून हलतात. अशा कामाला देशाचा मध्य सोयीचा. टपाल खात्यानंही तेच केलं होतं. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं रात्री नागपुरात भेटायची आणि थैल्यांची अदलाबदल करून परत फिरायची.

आज हे का महत्त्वाचं?

हवाई दलासाठी ४२ लढाऊ स्क्वाड्रन मंजूर आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला आणि हा आकडा २९ वर आला. नवं विमान मागवल्यापासून हातात येईपर्यंत वर्षं जातात. तोवर आहेत ती विमानं उडती ठेवणं, हाच तातडीचा उपाय. दहापैकी पाच विमानं दुरुस्तीच्या रांगेत अडकली, तर कागदावरची स्क्वाड्रन प्रत्यक्षात अर्धीच उरते.

दुसरा उपाय उत्पादन वाढवण्याचा. मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर महिन्याभरातच, १७ ऑक्टोबर २०२५ ला, नाशिकच्या कारखान्यात तेजस मार्क-१ए ची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. ज्या कारखान्यानं मिग-२१ बांधली, तोच आता त्याची जागा घेणारं विमान बांधतो आहे.

भरतीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनीही हे लक्षात ठेवावं. हवाई दल म्हणजे फक्त वैमानिक नव्हे. एक विमान आकाशात जातं तेव्हा त्यामागे जमिनीवर कितीतरी तंत्रज्ञांचे हात असतात.