अभिप्राय लिहा, प्रवारणेच्या भावनेने!

आश्विन पौर्णिमेला पनवेलच्या एका विहारात वंदना आटोपून आम्ही बसलो होतो. बी.कॉम.ला शिकणाऱ्या एका मुलीने मोबाईल पुढे केला. महाविद्यालयाचा ऑनलाइन अभिप्राय अर्ज आला होता.

"सर फार भरभर शिकवतात. लिहू का? नाव कळलं तर गुण कापतील."

आई लगेच म्हणाली, "अगं, सगळं चांगलं म्हणून टाक. मास्तरांशी वाकडं कशाला?"

ही भीती घरोघरी आहे. नॅकच्या मूल्यांकनात २०१७ पासून विद्यार्थ्यांच्या समाधानाची प्रश्नावली आली. वीस प्रश्नांना पर्याय निवडायचे आणि एकविसाव्यात शिकणे-शिकवणे सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायच्या. आमच्या पाहण्यातली मुले नेमकी तीच जागा कोरी सोडतात.

आम्ही तिला म्हटले, "आज दिवस कोणता? प्रवारणेचा." तीन महिन्यांच्या वर्षावासानंतर भिक्खू संघापुढे हात जोडतो आणि माझा दोष पाहिला, ऐकला वा शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती करतो. खुद्द भगवंतांनीही भिक्खूंना असे विचारल्याचे संयुत्त निकायात आहे. शास्त्यालाही ज्यात कमीपणा वाटला नाही, त्यात प्राध्यापकांना का वाटावा?

मात्र दोष सांगायचा तो सुधारण्यासाठी. 'सर वाईट शिकवतात' एवढ्याने काय कळणार? 'गणित फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवावे, अवघड इंग्रजी शब्द मराठीतही सांगावेत' असे लिहिले तर सरांना उद्यापासून करता येते. चांगले असेल तेही लिहावे. कोणाचे रूप, कपडे, जात यावर एक अक्षरही नको.

प्राध्यापकांनीही कोणी लिहिले ते शोधू नये. एखादी शिवीगाळीची ओळ मनाला लावून घेऊ नये. पण अनेकांनी एकच गोष्ट लिहिली असेल तर ती बदलावी आणि काय बदलले ते वर्गात सांगावे. म्हणजे पुढच्या वेळी मुले खरे लिहितील.

जातीवरून अपमान झाला असेल तर मात्र अभिप्रायावर थांबू नका. लेखी तक्रार करा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार तक्रार निवारण समितीत किमान एक महिला आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातील किमान एक व्यक्ती असावी लागते.

मुलीने तिथेच बसून तीन ओळी लिहिल्या आणि आईला वाचून दाखवल्या. आई म्हणाली, "यात वाईट काय आहे? पाठव."