झऱ्याच्या मुखाशी राहणारा सॅलॅमँडर

बेडूक सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचाच आप्त असलेला, आकाराने पालीची आठवण करून देणारा सॅलॅमँडर भारतात फार थोड्यांनी पाहिलेला असतो. या देशात तो मुख्यतः पूर्वेकडील हिमालयीन प्रदेशात, दार्जिलिंगसारख्या डोंगराळ भागातील तळ्यांत व दलदलींत आढळतो. उत्तर अमेरिकेत मात्र त्याच्या पुष्कळ जाती असून त्यांपैकी काहींचे सारे आयुष्य झऱ्याच्या मुखाशीच जाते. टेक्सस राज्यातील ऑस्टिन शहराच्या बार्टन झऱ्यांमधील सॅलॅमँडर हा अशांपैकी एक होय.

त्याची लांबी जेमतेम ६ सेंटिमीटर असते. बेडकाचे पिल्लू मोठे झाले म्हणजे त्याचे कल्ले नाहीसे होतात व ते जमिनीवर येते. या प्राण्यात असे रूपांतर घडतच नाही. तो प्रौढ होतो, प्रजोत्पादन करतो, तरीही मानेच्या दोन्ही बाजूंस पिसांसारखे तांबूस कल्ले कायम असतात. फुप्फुसे त्यास मुळीच नसतात. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांतून व त्वचेतून घेणे, एवढाच श्वसनाचा मार्ग त्यास उपलब्ध आहे. पाणी बिघडले तर ते सोडून जाण्याची सोय नाही. झऱ्याचे पाणी बाराही महिने सुमारे २० ते २१ अंश सेल्सिअस असते. त्यातील गोट्यांच्या फटींत व शेवाळात राहून तो बारीक कवचधारी जीवांवर उपजीविका करतो. त्याची अंडी मात्र निसर्गात क्वचितच दृष्टीस पडतात; ती भूमीखाली घातली जात असावीत.

हे पाणी येते कोठून, हा खरा महत्त्वाचा प्रश्न आहे. ऑस्टिनच्या नैर्ऋत्येस चुनखडीच्या खडकाचा विस्तीर्ण थर असून पाण्याने झिजून त्यात भेगा, बिळे व गुहा झाल्या आहेत. पावसाचे व ओढ्यांचे पाणी त्या भेगांत शिरते. वाळूच्या थरातून झिरपणारे पाणी सावकाश गाळले जाते. येथे ते जणू नळांतूनच वाहते. वरच्या ओढ्यात सोडलेला रंग कित्येक किलोमीटर दूरच्या झऱ्यात काही दिवसांतच उमटल्याचे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे झऱ्याभोवती कुंपण घातल्याने सॅलॅमँडरचे रक्षण होत नाही. दूरच्या वस्तीत जमिनीवर जे सांडते, ते त्याच्या कल्ल्यांपर्यंत पोहोचते.

शहर त्या दिशेने वाढू लागले तेव्हा हे नागरिकांच्या ध्यानात आले. १९९२ मध्ये मतदान होऊन झऱ्यांच्या रक्षणाचा नियम संमत झाला व पाणी मुरण्याच्या क्षेत्रात नव्या बांधकामाने किती जमीन झाकावी, यावर कडक मर्यादा आली. १९९३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा तिला ‘यूरिसिया सोसोरम’ हे नाव देण्यात आले. ‘सोसोरम’ हा शब्द त्या चळवळीच्या आद्याक्षरांवरून घडविलेला आहे. मतदारांच्या नावे ओळखला जाणारा प्राणी विरळाच! १९९७ मध्ये त्याची गणना संकटग्रस्त प्राण्यांत झाली. वाहनतळांवर दगडी कोळशाच्या डांबराचा लेप देत असत. त्यातील विषारी द्रव्ये पावसाबरोबर ओढ्यांत जातात असे आढळल्यावर ऑस्टिनने २००६ मध्ये त्यावर बंदी घातली.

मुख्य झऱ्यावर पोहण्याचा मोठा तलाव बांधलेला आहे. तो धुण्यासाठी पूर्वी क्लोरीन वापरीत; ती पद्धत बंद करण्यात आली. एलायझा नावाच्या शेजारच्या झऱ्याचा प्रवाह अनेक वर्षे जमिनीखालील नळातून नेलेला होता. २०१७ मध्ये तो उघडा करून त्यास पुन्हा ओढ्याचे रूप देण्यात आले व प्राण्यास राहण्यास अधिक जागा मिळाली.

अवर्षणाचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. एरवी या झऱ्यांतून दर सेकंदास सरासरी चौदाशे-पंधराशे लिटर पाणी येते. १९५६ च्या दीर्घ दुष्काळात ते तीनशे लिटरांच्याही खाली गेले होते. प्रवाह मंदावला की पाण्यातील प्राणवायूही घटतो. त्याच खडकातील पाणी विहिरींनी उपसले जात असल्याने, दुष्काळात परवानाधारकांना उपसा कमी करावा लागतो. काही मुखे तर अशा काळी साफ कोरडी पडतात. तेव्हा तेथील सॅलॅमँडर पाण्यामागोमाग खडकाच्या भेगांत उतरतात व पाणी पुन्हा वर आले म्हणजे गोट्यांखाली दिसू लागतात.