बांधकामावरची सुरक्षा – लेखांक ६ : परमिट कागदावरचे आणि मोबाइलवरचे

उंचीवर चढणे, वेल्डिंग करणे, खोल खड्ड्यात उतरणे, विजेच्या तारांजवळ क्रेन लावणे, अशा कामांना लेखी परवानगीशिवाय हात लावायचा नाही, हे मागच्या लेखांकात पाहिले. या परवानगीला साइटवर वर्क परमिट म्हणतात. हे परमिट कागदावरून मोबाइलवर गेले की काय बदलते, हा आजचा विषय.

कागदी परमिटची एक प्रत ऑफिसात राहते, एक सुपरवायझरच्या खिशात आणि एक कामाच्या जागी अडकवलेली. पावसाळ्यात जागेवरच्या प्रतीचा लगदा होतो, उन्हाळ्यात खिशातली घामाने पुसट होते. परांचीच्या तपासणीचे रजिस्टर तर नीट निरखून पाहावे. महिनाभराच्या रकान्यांत एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या बरोबरच्या खुणा दिसतात; साइट बंद होती त्या दिवशीसुद्धा. असले रजिस्टर ऑडिटमध्ये पास होते, पण परांचीवर चढणाऱ्या मिस्त्रीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

कागद योग्य माणसापर्यंत पोहोचला नाही तर काय होते, ते ६ जुलै १९८८ च्या रात्री उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायू फलाटावर दिसले. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि पाइपच्या तोंडावर तात्पुरते झाकण बसवले होते. या कामाचे परमिट रीतसर काढलेले होते. मात्र व्हॉल्व्ह काढलेला आहे, हे रात्रपाळीला कळले नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हा सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला आणि १६७ माणसे गेली.

मोबाइलवरच्या परमिटचा खरा फायदा इथे आहे. परांचीच्या खांबाला क्यूआर कोडचे स्टिकर लावतात. सुपरवायझरने तिथे उभे राहून ते स्कॅन करायचे, फळ्यांचा आणि कठड्याचा फोटो काढायचा. वेळ आणि ठिकाण आपोआप नोंदले जाते. फोटो नसेल तर परमिट निघत नाही. पाळी संपली की परमिटची मुदतही संपते. पुढच्या पाळीच्या माणसाला फोन उघडताच कळते की कुठला खड्डा उघडा आहे आणि कुठल्या मशीनचा वीजपुरवठा बंद ठेवला आहे. थोडक्यात टळलेल्या अपघातांचेही तसेच. वरून पाना पडला आणि कोणाला लागला नाही, तर त्यासाठी ऑफिसात जाऊन फॉर्म कोण भरणार? पण जागेवरच फोनमध्ये चार वाक्ये बोलून ठेवणे जमते.

सरकारी कामांत हे डिजिटल तंत्र कुठवर आले आहे? आपल्या साकोली गावावरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गापुरते बोलायचे तर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२० मध्ये ‘डेटा लेक’ या प्रणालीवर आपला कारभार ऑनलाइन नेला. २०२१ मध्ये कामांचे दर महिन्याला ड्रोनने चित्रीकरण सक्तीचे केले. ही पावले चांगलीच आहेत. तरी ड्रोनला वरून पूल किती पुढे सरकला ते दिसते. गर्डरवर उभ्या असलेल्या मजुराच्या बेल्टचा हूक अडकवलेला आहे का, ते दिसत नाही. कामाची प्रगती मोजणे आणि माणसाची सुरक्षा तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसऱ्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यातल्या सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर कोसळला आणि २० जणांचा जीव गेला. उंचावरच्या रात्रीच्या कामात जोखीम किती मोठी असते, ते त्या पहाटे महाराष्ट्राने पाहिले.

भाषेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुष्कळ ॲप इंग्रजीत असतात, म्हणून ते केबिनमधला इंजिनिअरच भरतो. मग जुन्या रजिस्टरमधल्या खुणाच स्क्रीनवर येतात. मराठी-हिंदी आवाज, चित्रे आणि फोटो यांवर चालणारे ॲप मुकादमाच्या आणि रेजांच्या (स्त्री मजुरांच्या) हातात गेले, तरच त्यावरचे पैसे कारणी लागतात.

आपल्या गावातल्या घरबांधणीला तर यातले काहीच लागू होत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात १० लाखांपर्यंत खर्चाचे स्वतःचे राहते घर वगळलेले होते. २०२० च्या कामगार सुरक्षेच्या संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. दहापेक्षा कमी मजूर असलेली कामेही बाहेरच राहतात. म्हणजे साकोलीतल्या बहुतेक स्लॅबवर ना सेफ्टी ऑफिसर येणार, ना परमिट मागणारे कोणी. पण फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणून घर बांधणाऱ्यांना आणि ठेकेदारांना विनंती : स्लॅब टाकण्याच्या सकाळी सेंट्रिंगचे टेकू, परांचीच्या फळ्या आणि मिक्सरची वायर यांचे फोटो मिस्त्रीकडून व्हॉट्सॲपवर मागवा. ते स्वतः पाहा आणि मगच काँक्रीट ओतायला सांगा.