मस्टँगचा गिअरबॉक्स बदलण्यापूर्वी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने मस्टँग ही गाडी लोकांपुढे मांडली, तेव्हा तीन गिअरचा मॅन्युअल, चार गिअरचा मॅन्युअल आणि ‘सी-फोर’ या नावाने ओळखला जाणारा तीन गिअरचा ऑटोमॅटिक यांपैकी हवा तो गिअरबॉक्स निवडण्याची मुभा ग्राहकाला होती. त्या काळी ज्यांनी ऑटोमॅटिक पसंत केला, त्यांच्या गाड्या आज ज्या शौकिनांच्या ताब्यात आल्या आहेत, त्यांतील पुष्कळांना आता क्लच दाबून स्वतःच्या हाताने गिअर टाकण्याची हौस वाटू लागली आहे. ही हौस निर्दोष आहे. परंतु तिच्याभोवती कर्णोपकर्णी जमा झालेल्या समजुतींविषयी तसे म्हणता येणार नाही. १९६५ आणि १९६६ या सालांची, २८९ घनइंची व्ही-एट इंजिनाची मस्टँग डोळ्यांसमोर ठेवून त्यांतील प्रमुख समजुतींची येथे छाननी केली आहे.

गैरसमज १ : मॅन्युअल गिअरबॉक्स लावताच इंजिनाची शक्ती वाढते.

वस्तुस्थिती : दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरसह हे इंजिन १९६५ साली २०० अश्वशक्तीचे म्हणून जाहीर झाले होते, आणि त्याच्यामागे कोणताही गिअरबॉक्स जोडला तरी त्या आकड्यात तिळमात्र फरक पडत नाही. फरक पडतो तो चाकांपर्यंत पोहोचणाऱ्या शक्तीत. सी-फोरमध्ये इंजिन आणि गिअर यांचा संबंध टॉर्क कन्व्हर्टरमधील तेलाच्या द्वारे येतो, आणि दोहोंना घट्ट बांधून टाकणारी लॉक-अपची योजना त्यात नसल्यामुळे, सरळ रस्त्यावर एकसारख्या वेगाने जातानाही थोडी शक्ती घसरणीत खर्ची पडते. क्लच आल्यावर ही गळती थांबते, हे खरे. पण त्याच कन्व्हर्टरची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. गाडी जागेवरून हलताना तो इंजिनाचा पीळ सुमारे दुप्पट करून पुढे देतो. सी-फोरच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.४६ एवढेच असले तरी त्या क्षणी त्याचा परिणाम जवळजवळ ४.९ इतका होतो, तर फोर्डच्या चार गिअरच्या ‘टॉपलोडर’ या मॅन्युअलचा पहिला गिअर, त्याच्या रुंद गुणोत्तराच्या प्रकारातही, २.७८ वर थांबतो. सी-फोर १९६४ पासून १९८१ पर्यंत उत्पादनात राहिला आणि अल्प अंतराच्या शर्यतींत आजही आवडीने वापरला जातो, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

गैरसमज २ : एक गिअरबॉक्स उतरवला, दुसरा चढवला आणि एक पेडल वाढवले की काम संपले.

वस्तुस्थिती : सोयरीक जुळवताना जसे केवळ वधूवरांचे जमून भागत नाही, दोन्ही घराण्यांचे जमावे लागते, तसाच येथील प्रकार आहे. क्लचचे पेडल हवे तर डॅशबोर्डाखालची पेडलांची सबंध चौकटच बदलावी लागते, आणि तिच्याबरोबर ऑटोमॅटिकचे ते रुंद ब्रेक पेडलही जाते. पेडलाचा दाब क्लचपर्यंत नेण्यासाठी एका टोकाने इंजिनाला आणि दुसऱ्या टोकाने गाडीच्या अंगाला टेकलेला ‘झेड-बार’ बसवावा लागतो. कन्व्हर्टरला धरून ठेवणारी पातळ फ्लेक्सप्लेट काढून तिथे वजनदार फ्लायव्हील, क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग येतात. तसेच मॅन्युअल गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमध्ये ज्या चिमुकल्या पायलट बुशवर टेकते, ते ऑटोमॅटिक गाडीत नसल्याने आठवणीने बसवावे लागते. याखेरीज गिअरबॉक्सचे फाउंडेशन आणि त्याखालचा आडवा दांडा (क्रॉसमेंबर), स्पीडोमीटरचे गिअर, गिअरच्या दांड्यासाठी तळाच्या पत्र्यात पडणारे भोक, आणि मोजमाप घेऊन निश्चित करावयाची प्रोपेलर शाफ्टची लांबी, ही यादी निराळीच.

जे बसवायचे त्याइतकेच जे मागे राहून जाते त्याकडेही लक्ष पुरवावे लागते. सी-फोरचे तेल थंड करण्यासाठी रेडिएटरच्या टाकीपर्यंत गेलेल्या नळ्या काढून त्यांची तोंडे बंद करावी लागतात. इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून गिअरबॉक्सच्या व्हॅक्यूम मॉड्युलेटरकडे जाणारी बारीक नळी तशीच उघडी राहिली, तर इंजिन तिच्यातून हवा ओढू लागते, त्याची मंद चाल बिघडते, आणि मालक बिचारा निष्कारण कार्ब्युरेटर खोलून बसतो.

गैरसमज ३ : इंजिन फोर्डचे आणि सुटे भागही फोर्डचे, तेव्हा ते एकमेकांना बसणारच.

वस्तुस्थिती : १९६४ च्या ऑगस्टच्या सुमारापर्यंत तयार झालेल्या २६० आणि २८९ इंजिनांवर बेलहाउसिंग पाच बोल्टांनी बसत असे, त्यानंतर बोल्ट सहा झाले. यास्तव अगदी आरंभीच्या मस्टँगला नंतरच्या मस्टँगचे बेलहाउसिंग चालत नाही. फ्लायव्हीलची गोष्ट याहून सूक्ष्म आणि म्हणून अधिक घातक आहे. २८९ आणि जुन्या ३०२ इंजिनांचा तोल २८ औंस-इंचाच्या मापाने साधलेला असतो, तर १९८० नंतरच्या दशकातील ३०२ चा तोल ५० औंस-इंचाचा. भंगारातल्या नव्या मस्टँगचे फ्लायव्हील जुन्या इंजिनावर बिनबोभाट बसते, सारे बोल्टही नीट आवळले जातात. पण इंजिन सुरू होताच ते असे थरथरू लागते की दोष गिअरबॉक्सचा असावा असे वाटावे. वेळीच न उमगल्यास क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांवर बेतते.

गैरसमज ४ : न्यूट्रल स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या की झाले.

वस्तुस्थिती : लिव्हर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याखेरीज ऑटोमॅटिक गाडीचा स्टार्टर फिरत नाही. तारा परस्पर जोडल्याने स्टार्टर फिरेल हे खरे. पण गिअरमध्ये उभी असलेली गाडीही किल्ली फिरवताच उसळी घेईल. क्लच पूर्ण दाबल्यावरच चालू होणारा स्विच पेडलापाशी बसवणे, हाच यावरचा उचित मार्ग होय.

गैरसमज ५ : मॅन्युअलमुळे पेट्रोलची मोठी बचत होते.

वस्तुस्थिती : ही बचत क्लचपेक्षा गुणोत्तरांवर अधिक अवलंबून असते. सी-फोरचा तिसरा आणि टॉपलोडरचा चौथा, या दोन्ही वरच्या गिअरांचे गुणोत्तर १.०० असल्याने, कन्व्हर्टरची घसरण सोडली तर मोठ्या रस्त्यावर इंजिनाचे फेरे तेवढेच राहतात. चाकाचा परीघ २ मीटर आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर ३.०० धरल्यास, ताशी १०० किलोमीटर वेगाला इंजिनाचे मिनिटाला सुमारे २,५०० फेरे होतात. म्हणून अनेकजण १९८० नंतरच्या मस्टँगमधील पाच गिअरचा ‘टी-फाइव्ह’ पत्करतात. त्याचा पाचवा गिअर ०.६८ चा असल्याने तेच फेरे १,७०० वर उतरतात, आणि इथे बचतीची आशा खरोखर दिसू लागते. परंतु १,७०० फेऱ्यांवर चढ लागला की जुने इंजिन कुंथू लागते, आणि पाचवा गिअर शोभेपुरता उरतो. डिफरन्शियल ३.५० चा असेल तर फेरे सुमारे २,००० राहतात आणि मेळ बसतो.

गैरसमज ६ : दोन्ही गिअरबॉक्स कंपनीचेच, तेव्हा गाडीच्या किमतीला आणि दस्तऐवजांना बाध येत नाही.

वस्तुस्थिती : मस्टँगच्या चालकाच्या दारावर रिव्हेटने ठोकलेली धातूची पट्टी म्हणजे तिचा जन्मदाखलाच होय. १९६५ च्या पट्टीवर १ म्हणजे तीन गिअरचा मॅन्युअल, ५ म्हणजे चार गिअरचा आणि ६ म्हणजे ऑटोमॅटिक. शेजारी डिफरन्शियलचाही संकेत असतो. पट्टीवर ६ आणि दोन आसनांमध्ये मॅन्युअल गिअरचा दांडा, ही विसंगती जाणत्या खरेदीदाराच्या नजरेतून सुटत नाही. २७१ अश्वशक्तीच्या ‘के’ इंजिनाची १९६५ ची गाडी चार गिअरच्या मॅन्युअलसहच मिळे, त्याच इंजिनाला १९६६ मध्ये ऑटोमॅटिकही मिळू लागला. तेव्हा १९६६ ची ऑटोमॅटिक ‘के’ गाडी ज्याच्या दारात आहे, त्याने तिला हात न लावणेच शहाणपणाचे. भारतातही २०२१ च्या जुलैत अमलात आलेल्या नियमांनुसार, ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळण्यासाठी ती मूळ स्वरूपात असावी आणि तिच्या चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. यास्तव तळाचा पत्रा कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात रुजवात करून घेणे हिताचे.

इतके सारे ऐकूनही हौस कायम राहिली, तर ती जरूर पुरवावी. मात्र अधिक शक्ती आणि स्वस्त प्रवास यांच्या आशेने नव्हे, तर गिअर आपल्या हाताने टाकण्याच्या आनंदाखातर. त्यासाठी पहिली खरेदी गिअरबॉक्सची करू नये. आधी दारावरची पट्टी वाचावी, डिफरन्शियलचे गुणोत्तर कागदावर मांडून वरच्या गिअरला किती फेरे पडतील याचा हिशेब करावा, आणि तो हिशेब जमला तरच पाने हाती घ्यावेत. उतरवलेला सी-फोर मात्र भंगारात देऊ नये. तो आणि त्याचे सर्व भाग जपून ठेवल्यास पुढच्या मालकाला गाडी मूळ स्थितीत आणण्याचा मार्ग मोकळा राहतो.