सोयाबीनचं तेल काढणारं हेक्सेन

दिवाळीच्या आगेमागे वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर यांपैकी कुठल्याही बाजार समितीत पाय ठेवा, आवारात सोयाबीनचे ढीग दिसतील. खरिपात वाशीम जिल्ह्यात सगळ्यात जास्त रानावर हेच पीक असतं. ओलावा किती, माती किती, भाव काय निघाला, यावर आवारात दिवसभर बोलणं चालतं. पण पोतं ट्रकमध्ये चढल्यावर त्या दाण्याचं पुढे काय होतं, हे त्याहून विलक्षण आहे. स्वयंपाकघरातल्या सोयाबीन तेलाच्या पिशवीपर्यंत पोहोचताना बहुतेक दाणे एका अत्यंत ज्वालाग्राही द्रवात न्हाऊन निघतात. त्या द्रवाचं नाव हेक्सेन.

सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं फक्त 18 ते 20 टक्के. शेंगदाण्याला घाण्यात पिळलं की तेलाची धार लागते, सोयाबीनचं तसं नाही. कितीही दाबलं तरी पेंडीत 5 ते 7 टक्के तेल अडकून राहतं. म्हणजे दाण्यातल्या एकूण तेलाचा जवळजवळ चौथा हिस्सा पेंडीतच गेला. म्हणून लातूर, धुळे अशा ठिकाणच्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये दाणा पिळत नाहीत, धुतात. आधी तो फोडून, गरम करून रुळांखाली चपटा करतात. साधारण 0.3 मिलिमीटर जाडीचे, पातळ पोह्यांसारखे काप पडतात. त्यांच्यावर 55-60 अंश तापमानाचं हेक्सेन पुन्हा पुन्हा सोडतात. बाहेर पडतं ते तेल आणि हेक्सेनचं मिश्रण. मागे राहिलेल्या पेंडीत तेल उरतं एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. हीच वाळवलेली पेंड बाजारात डीओसी म्हणून ओळखली जाते आणि तिच्या मागणीवर आपल्या सोयाबीनचा भाव हलतो.

हे हेक्सेनलाच कसं जमतं? त्याचा रेणू अगदी साधा आहे: सहा कार्बनची एक साखळी आणि तिला चिकटलेले चौदा हायड्रोजन. तेलाच्या रेणूंचे लांब हातही अशाच कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्यांचे असतात, त्यामुळे ते हेक्सेनमध्ये सहज विरघळतात. प्रथिनं आणि साखर जागची हलत नाहीत. हेक्सेनला तेल तेवढं हवं असतं.

खरी कमाल पुढे आहे. तेलातून हेक्सेन परत वेगळं करायचं, तर ते फक्त उकळायचं. ते साधारण 69 अंशांना उकळतं आणि त्याची वाफ करायला पाण्याच्या मानाने सुमारे सातवा हिस्सा उष्णता पुरते. वाफ थंड केली की हेक्सेन पुन्हा द्रव, पुन्हा नव्या दाण्यांवर. टनभर सोयाबीनमागे जवळपास टनभर हेक्सेन फिरत असतं आणि चांगल्या प्लांटमध्ये त्यातलं काही किलोच हरवतं. पेंडीतलं हेक्सेन थेट पाण्याच्या वाफेच्या झोताने हाकलतात. त्याच उष्णतेने सोयाबीनमधली पचनाला अडथळा आणणारी द्रव्यंही निष्प्रभ होतात, मगच ती पेंड कोंबड्यांना चालते. रिफाइंड तेलात हेक्सेन किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त राहता कामा नये, असं भारतीय अन्न नियम सांगतो.

सहज विरघळवणं आणि सहज उडून जाणं या दोन गुणांवर सगळा धंदा उभा आहे. आणि या द्रवाचा धोका नेमका दुसऱ्या गुणातच आहे. मला या पदार्थाचं सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते याचं. हेक्सेनचा धोका काढून टाकून गुण तेवढा ठेवता येत नाही, कारण ते दोन्ही एकच आहेत.

पेटण्याजोगी वाफ ज्या तापमानापासून सुटू लागते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. हेक्सेनचा फ्लॅश पॉइंट शून्याच्या खाली 22 अंशांच्या आसपास आहे. वऱ्हाडातली कडाक्यातली कडाक्याची थंडी त्याच्यापुढे उबदारच! तेव्हा आपल्याकडे उघडं हेक्सेन बारा महिने, चोवीस तास पेटायला तयार असतं. ही वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड आहे. ती वर जाऊन विरत नाही. जमिनीलगत सरकते, खड्ड्यात, गटारात, तळघरात साचते आणि दूर कुठे ठिणगी भेटली की ज्वाळा मूळ गळतीपर्यंत मागे धावत येते.

किती वाफ पुरते? हवेत हेक्सेन साधारण 1.2 टक्के झालं की ती पेटू शकते. एक लिटर हेक्सेन पूर्ण उडालं तर त्याची सुमारे 180 लिटर वाफ होते. ही वाफ आठ फूट लांब, आठ फूट रुंद, आठ फूट उंच खोलीतली सगळी हवा पेटती करायला पुरेशी आहे. एक लिटर! आणि ठिणगी किती लागते? 0.24 मिलिज्यूल. थंडीच्या कोरड्या दिवसांत लोखंडी दाराला हात लावल्यावर चटका बसतो, ती स्थिर विजेची ठिणगी साधारण 1 मिलिज्यूलच्या पुढे गेल्यावरच माणसाला जाणवते. याचा अर्थ, हेक्सेन पेटवणारी ठिणगी आपल्याला कळणारही नाही.

आता उलटी बाजू. हवेत वाफ साडेसात टक्क्यांच्या वर गेली तर ती पेटत नाही, कारण जळायला प्राणवायूच अपुरा पडतो. 20 अंश तापमानाला बंद टाकीत हेक्सेनवरच्या जागेत वाफ सुमारे 16 टक्के असते. म्हणजे आपल्या हवामानात भरलेल्या बंद टाकीच्या आतली वाफ सहसा पेटण्याच्या पलीकडे गेलेली असते. धोका कधी? टाकी रिकामी केली, झाकण उघडलं, आत हवा शिरली की. प्लांट बंद करताना आणि पुन्हा सुरू करताना जास्त सांभाळावं लागतं ते याचमुळे. ‘रिकामी आहे, काही होत नाही,’ या भरवशावर टाकीला वेल्डिंग लावणं जिवावर बेतू शकतं. आधी ती पाण्याच्या वाफेने किंवा नायट्रोजनने धुवावी लागते आणि मीटरने तपासावी लागते.

यावरूनच प्लांटमधली शिस्त समजते. टँकर रिकामा करण्याआधी अर्थिंगची तार जोडायची, कारण हेक्सेन विजेचं वाईट वाहक आहे आणि पाइपमधून वाहतानाच त्याच्यात विद्युतभार साचतो. पाइपचं तोंड द्रवात बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत ठेवायचा, वरून धबधब्यासारखं ओतायचं नाही. दिवे आणि मोटारी फ्लेमप्रूफ. मोबाइल आणि काडेपेटी गेटवर. अंगात नायलॉन नको, सुती कपडे हवेत. आग लागलीच तर पेटलेल्या हेक्सेनवर पाण्याचा फवारा मारायचा नाही. हेक्सेन पाण्यात मिसळत नाही, त्याच्यावर तरंगतं, आणि पाण्यासोबत आग पसरते. तिथे फेस किंवा कोरडी पावडर लागते.

पाण्यावर तरंगणं किती महागात पडतं, हे अमेरिकेतल्या लुईव्हिल शहराने पाहिलं. तिथल्या सोयाबीन प्लांटमधलं हेक्सेन शहराच्या गटारात गेलं. 13 फेब्रुवारी 1981 च्या पहाटे कामावर निघालेल्या दोन महिलांची गाडी एका रेल्वे पुलाखालून जात असताना तिच्या ठिणगीने गटारातली वाफ पेटली. तीन किलोमीटरहून जास्त रस्ते फाटले, मॅनहोलची झाकणं उडाली. पहाटेची वेळ असल्याने रस्ते मोकळे होते आणि एकही माणूस दगावला नाही. प्लांटमधून बाहेर पडणारं सांडपाणी आधी तापवून त्यातलं हेक्सेन का काढून घ्यावं लागतं, हे यावरून कळतं.

आगीच्या नादात दुसरा धोका विसरला जातो. हेक्सेनची वाफ महिनोन्महिने श्वासात गेली तर शरीरात तिच्यापासून 2,5-हेक्सेनडायोन नावाचं द्रव्य बनतं आणि ते हातापायांच्या नसा बधिर करतं. 1960 च्या दशकात जपानमध्ये चपला बनवणाऱ्या कामगारांना याच कारणाने चालणं अवघड झालं होतं. दिवसभराच्या कामासाठी हवेत हेक्सेन दहा लाखांत 50 भाग एवढंच चालतं. पेटण्याची पातळी त्याच्या दोनशेपटीहून वर आहे. तेव्हा आगीच्या मीटरने ‘ठीक’ दाखवलं म्हणून हवा श्वास घेण्याजोगी झाली, असं समजता येत नाही.

अशा पदार्थांवर देशभर नजर ठेवणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्या विदर्भातच, नागपुरात आहे. 23 अंशांच्या खाली फ्लॅश पॉइंट असलेला पेट्रोलियम पदार्थ कायद्याने ‘अ’ वर्गात मोडतो, आणि हेक्सेन त्यातच येतं.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. कधी एखाद्या टँकरच्या मागे लाल चौकट, तिच्यात ज्वाळेचं चित्र आणि 1208 हा आकडा दिसला, तर आत हेक्सेन आहे हे ओळखा. असा टँकर उलटलेला दिसला तर बघायला थांबू नका, सांडलेलं भरायला कॅन घेऊन धावू नका, जवळ गाडी सुरू करू नका. वारा तुमच्याकडून टँकरकडे वाहील अशा बाजूला सरका, नाल्या-खोलगट जागा टाळा, लोकांना मागे हटवा आणि पुरेसं लांब गेल्यावरच 112 वर फोन करून तो चार आकडी क्रमांक सांगा.